ओळीला ओळ चिकटली म्हणजे यादी जुळली असं होत नाही

मंडळी, आजची पोस्ट लांबलचक आहे आणि विषय ऐकून काही जण लगेच खाली सरकतील. विषय आहे: कॉम्प्युटरवर दोन याद्यांच्या ओळी एकमेकींना कशा जोडतात. पण जरा थांबा. आपल्या जिल्ह्यात अतिवृष्टीचं अनुदान असो, पीकविमा असो, पीएम किसान, कर्जमाफी किंवा घरकुल असो, पैसा यादीतूनच येतो. आणि यादी कधी एकटी नसते. एक तलाठ्याकडची (पाटीवर आता ग्राम महसूल अधिकारी लिहिलेलं असतं, पण गावात तलाठीच), एक कृषी खात्याची, एक बँकेची. या याद्या कुणीतरी, कुठल्यातरी टेबलावर बसून एकत्र करतो. तो हे काम कसं करतो यावर बरंच काही ठरतं. पैसे तुमच्या खात्यावर येतात, नाहीतर "साहेब, यादीत नाव हाय पण पैसे नाहीत" म्हणत तुम्ही तहसीलच्या चकरा मारता.

मी बरीच वर्षं याच जिल्ह्यात बातमीदारी करतोय. डिप्लोमाला बातमी कशी लिहायची, मथळा कसा द्यायचा हे शिकवलं. यादी कशी तपासायची हे कुणी शिकवलं नाही. ते मी नंतर शिकलो, कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत, जिथे माऊस चालत नाही आणि हुकूम टाईप करून काम करून घ्यावं लागतं. लिनक्सवर ही खिडकी फुकट मिळते, विंडोजवरही बसवता येते, अँड्रॉइड मोबाईलवर टर्मक्स नावाच्या ॲपमध्येही चालते. यातली साधनं जुनी आहेत. 1969 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युनिक्स ही प्रणाली बनवायला घेतली, तिच्याच घरातली ही भांडीकुंडी. त्यातल्या दोनच भांड्यांबद्दल आज सांगतो. एकाचं नाव पेस्ट, दुसऱ्याचं जॉइन.

पेस्टचं काम सोपं. दोन फाईली द्या. तो पहिल्या फाईलची पहिली ओळ घेतो, दुसरीची पहिली ओळ घेतो, मधे थोडी जागा सोडून शेजारी शेजारी ठेवतो. मग दुसरीला दुसरी, तिसरीला तिसरी. ओळीत काय लिहिलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तो फक्त नंबर बघतो, कितवी ओळ आहे तेवढा. लग्नाच्या पंगतीत समोरासमोर दोन रांगा बसवाव्यात तसं. कोण कुणाच्या समोर बसलं हे वाढप्याला माहीत नसतं.

आता हिशोब करू. समजा एका गावात 340 बाधित शेतकरी आहेत. एका फाईलमध्ये 340 नावं, दुसरीत त्याच क्रमाने खाते क्रमांक. पण दुसऱ्या फाईलमध्ये 212 व्या शेतकऱ्याची ओळ राहून गेली, म्हणजे 339 च खाती. पेस्ट काय करेल? पहिले 211 बरोबर. 212 व्या माणसासमोर 213 व्याचं खातं येईल, 213 व्यासमोर 214 व्याचं, असं करत 339 व्यासमोर 340 व्याचं. शेवटचा 340 वा रिकामा. एका ओळीच्या चुकीने 128 जणांसमोर दुसऱ्याचं खातं आणि एकाला काहीच नाही. आणि हे करताना पेस्ट एका शब्दानेही तक्रार करत नाही. फाईल आधी संपली तर तो रिकामी जागा ठेवतो आणि पुढे चालू लागतो.

तुम्ही म्हणाल, ओळी मोजल्या असत्या तर कळलं असतं. खरंय. काळ्या खिडकीत ओळी मोजायचा हुकूमही आहे, दोन सेकंदाचं काम. पण पुढची गंमत ऐका. त्याच खात्यांच्या फाईलमध्ये 212 वी ओळ गळाली आणि 40 वी ओळ चुकून दोनदा पडली, तर? मोजणी 340 ला 340. सगळं ठीक वाटतं. प्रत्यक्षात 41 पासून 212 पर्यंत 172 लोकांसमोर वरच्या माणसाचं खातं. मोजणी बरोबर, यादी चूक. सही-शिक्का मारून पुढे गेली की संपलं.

"पण आमच्याकडं कुणी काळी खिडकी वापरत नाही, सगळं एक्सेलमध्ये असतं," असं एका कर्मचारी मित्राने मला सुनावलं. बरोबर आहे. पण एका शीटमधला कॉलम कॉपी करून दुसऱ्या शीटमध्ये शेजारी आणून चिकटवणं म्हणजे पेस्टच की. नावसुद्धा तेच आहे. एक्सेलमध्ये वर आणखी एक सोय आहे: नावाचा एकटा कॉलम अकारविल्हे लावायचा आणि बाकीचे कॉलम जागेवर ठेवायचे. एक्सेल सहसा विचारतं, की शेजारचं पण सोबत हलवू का. मधे एखादा रिकामा कॉलम असेल तर तेही विचारत नाही. क्षणात नाव एकाचं, गट दुसऱ्याचा, रक्कम तिसऱ्याची.

खाते क्रमांकाचं तर विचारूच नका. एक्सेल त्याला साधा आकडा समजतं. सुरुवातीची शून्यं खाऊन टाकतं. आणि पंधराच आकडे नीट लक्षात ठेवतं. सोळा आकडी खातं असेल तर शेवटचा आकडा शून्य होतो. साध्या टेक्स्ट फाईलमध्ये यातलं काहीच होत नाही. तिथे 0012 हे 0012 च राहतं, कारण ती त्याला आकडा समजत नाही, अक्षरं समजते.

ही फक्त आपल्या मागास मराठवाड्याची गोष्ट नाही, बरं का. 2020 मध्ये कोरोनाच्या ऐन काळात इंग्लंडच्या सरकारी आरोग्य यंत्रणेने बाधितांच्या याद्या एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाईलमध्ये जोडल्या. त्या फाईलमध्ये 65,536 च ओळी मावतात. वरच्या गळाल्या, आवाज न करता. 25 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर या काळातले 15,841 बाधित रोजच्या आकड्यातून राहून गेले आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायला उशीर झाला. म्हणजे लंडन असो नाहीतर लोहारा, यादी जोडताना ओळ गळते. फरक पुढे पडतो. तिथे आठवडाभरात आकडा जाहीर झाला, सरकारला संसदेत उत्तर द्यावं लागलं. आपल्याकडे गळालेली ओळ स्वतःच पिशवीत कागद घालून कार्यालय शोधत फिरते.

आता दुसरं भांडं, जॉइन. हा ओळ कितवी आहे ते बघत नाही. हा किल्ली मागतो. म्हणजे दोन्ही याद्यांत असा एक रकाना हवा जो दोन्हीकडे सारखा आहे, समजा शेतकरी ओळख क्रमांक. मग तो या यादीतला क्रमांक त्या यादीत शोधतो, सापडला तरच दोन ओळी जोडतो. एखादी ओळ गळाली तर फक्त तोच शेतकरी सुटतो, खालचे 128 जण हलत नाहीत. अट एकच, दोन्ही याद्या आधी किल्लीप्रमाणे क्रमाने लावलेल्या पाहिजेत. आणि क्रम अक्षरांचा, आकड्यांचा नव्हे. त्यात 10 हा 9 च्या आधी येतो. क्रम चुकला तर जॉइन बहुतेक वेळा स्वतःहून ओरडतो.

पण जॉइनही संत नाही. जी ओळ जुळली नाही ती तो सरळ सोडून देतो. तुमच्यासमोर येते ती फक्त जुळलेल्यांची यादी, छान, स्वच्छ. न जुळलेले कुठे गेले? विचारलं तरच सांगतो. जॉइनला व्ही अक्षराची एक खूण दिली की तो उलटं करतो: जुळलेले बाजूला ठेवतो आणि उरलेल्यांची यादी काढून देतो. माझ्या मते अख्ख्या प्रशासनातली सगळ्यात महत्त्वाची यादी ती आहे, उरलेल्यांची. पात्र लाभार्थ्यांची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागते. उरलेल्यांची कुठे लागलेली पाहिलीय का तुम्ही?

आता किल्लीचं बघू, कारण खरी गोम तिथे आहे. आपल्याकडे याद्या बहुतेक वेळा नावावरून जुळवतात. नाव ही किल्ली नव्हे, मंडळी. एकीकडे आधारवर इंग्रजीत नाव, दुसरीकडे सातबाऱ्यावर मराठीत. एकीकडे वडिलांचं नाव पूर्ण, दुसरीकडे आद्याक्षर. बाईंच्या नावापुढे एका कागदावर नवरा, दुसऱ्यावर बाप. त्यात आपली लिपी. गोऱ्हे, बिऱ्हाडे, कऱ्हाळे यांच्यातला तो अर्धा र कॉम्प्युटरमध्ये दोन वेगवेगळ्या पद्धतींनी लिहिता येतो. डोळ्याला तंतोतंत एकच दिसतं, यंत्राला ती दोन वेगळी नावं वाटतात. म्हणजे दोन ऑपरेटरांनी दोन कीबोर्डवर एकाच माणसाचं नाव बिनचूक लिहिलं तरी जुळणार नाही. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमधल्या याद्या तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडल्या की मंत्रतंत्र लिहिल्यासारख्या दिसतात.

गावाचं नाव घ्या. बुद्रुक आणि खुर्द. कुणी बु. लिहितो, कुणी बुद्रुक, कुणी कंसात बु, कुणी काहीच नाही. यंत्राला ही चार गावं. तालुके आठच आपले, पण भूम की भुम, परंडा की परांडा, उमरगा की ओमेर्गा? कळंब यवतमाळ जिल्ह्यातही आहे, वाशी नवी मुंबईतही आहे. नुसतं कळंब लिहिलं तर यंत्राने कुठलं समजायचं?

आणि जिल्ह्याचं नाव! फेब्रुवारी 2023 मध्ये केंद्राने उस्मानाबादचं धाराशिव करायला हरकत नसल्याचं कळवलं, सप्टेंबर 2023 मध्ये महसुली जिल्ह्या-तालुक्याच्या नावाची अधिसूचना निघाली. नामांतरावर तुमचं मत काहीही असेल, आज त्यावर भांडायचं नाही. मी फक्त याद्यांबद्दल बोलतोय. एका दप्तरात उस्मानाबाद, दुसऱ्यात धाराशिव. 2024 ची लोकसभा सुद्धा उस्मानाबाद मतदारसंघ म्हणूनच झाली, कारण मतदारसंघाचं नाव वेगळ्या कायद्याने ठरतं. माणसाला कळतं दोन्ही एकच. जॉइनला नाही कळत. उस्मानाबाद आणि धाराशिव असा रकाना जुळवायला दिला तर सोळा लाखांचा जिल्हा एका झटक्यात 'उरलेल्यांत' जाईल. याउलट 2011 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याचा क्रमांक 525 होता. नाव बदललं म्हणून 525 चं 526 झालं नाही, ते सोलापूरचंच आहे. नावाला भावना असतात, नंबराला नसतात. म्हणून जोडायला नंबर आणि बोलायला नाव, हा साधा नियम.

नंबरही कुठलाही चालत नाही. गट नंबरावरून जुळवायला गेलात तर दुसरा खड्डा. एका गटात तीन भाऊ, तिघांची तीन खाती. किल्ली म्हणून गट नंबर दिला तर जॉइन प्रत्येक भावाला प्रत्येक खात्याशी जोडतो. तीन गुणिले तीन, नऊ ओळी. कागदावर लाभार्थी तिप्पट. मग कुणीतरी हाताने सहा ओळी खोडणार. कुठल्या सहा, हे त्याच्या मर्जीवर. आणि वाटणीवरून आधीच बोलचाल बंद असलेल्या घरात आणखी एक निमित्त.

हे सगळं इतकं का सांगतोय? कारण आपल्या जिल्ह्याने यादीचा मार खाल्लाय. 2020 च्या खरिपात काढणीच्या वेळी पावसाने सोयाबीन गेलं. विमा भरलेला होता. पण 72 तासांत नुकसान कळवलं त्यांची एक यादी आणि हप्ता भरला त्यांची दुसरी. दुसरीतून पहिली वजा केली आणि लाखो शेतकरी बाहेर. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेलं आणि मे 2022 मध्ये निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला. पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तिथे प्रश्न कायद्याचा आणि अटीचा होता, कॉम्प्युटरचा नव्हता, हे मान्य. पण एक धडा आहे. तो लढा उभा राहिला कारण उरलेले लोक लाखांत होते. ते दिसले. एखाद्या गावात ओळ सरकल्याने तेरा जण उरले तर? तेरा जणांची याचिका होत नाही. तेरा जण तेरा दिवस वेगवेगळे येतात, आणि प्रत्येकाला "तुमचं केवायसी बघा" म्हणून परत पाठवलं जातं.

2025 च्या सप्टेंबरात भूम-परंडा पट्ट्यात पाण्याने काय केलं ते सांगायची गरज नाही. पंचनामे झाले, याद्या झाल्या, विशिष्ट क्रमांकाच्या, म्हणजे आपण ज्याला व्हीके नंबर म्हणतो त्याच्या, याद्या सेतू केंद्रावर पोचल्या. पंचनाम्याची वही, सातबारा, आधार, बँक: दर वेळी हीच चार दप्तरं एकत्र येतात. दर वेळी कुणीतरी रात्री बारापर्यंत बसून ती जोडतो.

आता दोन आक्षेप, जे कमेंटमध्ये येणारच.

पहिला: "आता आधारला जोडलेल्या खात्यावर थेट पैसे जातात, मग खात्याची चूक कशी होईल?" अर्धं खरं. आधारवरून पैसे जात असतील तर खाते क्रमांकाचा रकाना सरकण्याची भीती कमी झाली. पण क्षेत्र आणि रक्कम हेही रकानेच आहेत. दोन हेक्टरवाल्यासमोर वीस गुंठे आले तर आधार काय करणार? तो चुकीची रक्कम बरोबर माणसाला पोचवेल. आणि आधारचाच रकाना सरकला असेल तर मग बोलायलाच नको. पोर्टल कितीही हुशार असो, त्यात भरायची फाईल आधी कुठेतरी जोडलेली असते.

दुसरा: "तलाठ्याकडं तीन-तीन सज्जे, कृषी सहायकाकडं सात-आठ गावं, त्यात वरून रोज आकडे मागतात. त्यांना कुठं शिकवता काळी खिडकी?" हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच ही पोस्ट त्यांच्या विरोधात नाही. रात्री बारा वाजता डोळे चोळत 340 ओळी जुळवणाऱ्या माणसाकडून चूक होणारच. तोच माणूस दुसऱ्या दिवशी गावकऱ्यांच्या शिव्या खातो. सॉर्ट आणि जॉइन शिकायला एक दिवस पुरतो. जिल्ह्याला मोठं सॉफ्टवेअर नको, टेंडर नको. प्रत्येक तहसीलमध्ये दोन ऑपरेटरांना हे नीट शिकवलं तरी आठ तालुक्यांचे सोळा लोक झाले. एवढं आपल्याला जमू नये?

तर माझ्या मागण्या चार आहेत, आणि चारही बिनखर्चाच्या.

एक. याद्या नंबरावरून जुळवा. राज्याने 15 एप्रिल 2025 पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा केलाय. लोकांनी रांगा लावून तो काढला. आता तो वापरा तरी. ज्याच्याकडे तो नाही, बटईने करणारा आहे, नावावर जमीन नसलेली बाई आहे, त्यांची वेगळी यादी ठेवा. त्यांना हवेत सोडू नका.

दोन. प्रत्येक यादीच्या खाली तीन आकडे छापा: किती ओळी आल्या, किती जुळल्या, किती उरल्या. जुळलेले अधिक उरलेले बरोबर आलेले. हा हिशोब चौथीतलं पोरगं तपासू शकतं.

तीन. उरलेल्यांची यादी कारणासह लावा, पात्रांच्या यादीशेजारीच, त्याच भिंतीवर. माणसाला आपण का उरलो हे कळलं तर निम्म्या चकरा वाचतील. त्याच्याही आणि कार्यालयाच्याही.

चार. याद्या साध्या टेक्स्ट फाईलमध्ये द्या. आडव्या-तिडव्या स्कॅन केलेल्या पीडीएफचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकून पारदर्शकता होत नाही. माहिती अधिकार कायदा 2005 च्या कलम 4 मध्ये अनुदान योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील स्वतःहून जाहीर करायला सांगितलंय. कलम 2 मध्ये माहिती कॉम्प्युटरवर असेल तर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळण्याचा हक्क आहे. अर्थात आधार आणि पूर्ण खाते क्रमांक कुणी जाहीर करू नये, मी पहिला विरोध करीन. ओळख क्रमांक, गाव, क्षेत्र, रक्कम एवढं पुरे.

आणि आपण काय करायचं? यादी लागली की फक्त आपलं नाव बघून घरी जाऊ नका. आपल्या वरची एक आणि खालची एक ओळ बघा. शेजाऱ्याचं क्षेत्र तुम्हाला माहीत असतंच, बांधाला बांध आहे. त्याचं क्षेत्र तुमच्या नावासमोर दिसलं तर समजा यादी सरकलीय, आणि तुमच्या एकट्याची नाही, खालच्या सगळ्यांची. अशा वेळी एकट्याने अर्ज देऊ नका. वरच्या-खालच्या ओळीतल्यांना घेऊन एकत्र द्या. सेतूवर केवायसी करताना पडद्यावरचं क्षेत्र आणि रक्कम वाचून घ्या, मगच अंगठा लावा. गावात कॉम्प्युटर शिकलेली पोरं आहेत. मंडळाच्या वर्गणीचा हिशोब त्यांच्याकडे देता ना, ही यादीही द्या.

कमेंटमध्ये एवढंच लिहा: तुमच्या गावची गेल्या वेळची यादी कुठे लागली होती, आणि तिच्याखाली एकूण आकडा होता का. नाव, खाते, आधार काहीही लिहू नका. आठही तालुक्यांतून उत्तरं आली की ती गावाच्या नंबरावरून जुळवून मी जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी देणार आहे. आणि ज्या गावांचं उत्तर आलं नाही, त्या उरलेल्या गावांची यादीही सोबत जोडणार आहे.